ऐकण्याचा अधिकार : मराठी ख्रिस्ती साक्षलेखनातील देववाणीचा प्रश्न

प्रार्थना ह्या व्यवहाराचा विचार मराठी समीक्षेने बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूने केलेला आहे. भक्त काय मागतो, कसा विनवतो, प्रसंगी देवाशी कसा भांडतो, ह्याची मीमांसा आपल्याकडे पुष्कळ झाली. अभंगाच्या आणि करुणाष्टकाच्या अभ्यासाचा तो पायाच आहे. ख्रिस्ती प्रार्थनेला मात्र आणखी एक अंग आहे. बोलून झाल्यावर थांबायचे, गप्प राहायचे आणि उत्तर ऐकायचे. देव बोलतो, आणि प्रार्थना करणाऱ्याला ते कळते, अशी तिथे श्रद्धा असते. ह्या श्रद्धेचा खरेखोटेपणा ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ज्या क्षणी ही श्रद्धा लेखनात उतरते, म्हणजे कोणी ‘देवाने मला असे सांगितले’ असे वाक्य लिहितो किंवा लिहिते, त्या क्षणी समीक्षेपुढे एक नेमका प्रश्न उभा राहतो : ह्या वाक्यात बोलतो कोण, ऐकतो कोण, आणि ऐकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

हा प्रश्न मराठीत निराळ्या रीतीने विचारावा लागतो, कारण ‘श्रवण’ ह्या शब्दाला इथे आधीपासूनच मोठा इतिहास आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. दासबोधाचा चौथा दशक तिथूनच सुरू होतो. पण हे श्रवण देवाच्या वाणीचे नसून देवाविषयीच्या वाणीचे आहे. कथा, कीर्तन, पोथी ह्यांत सांगणारा समोर असतो, आणि देव हा कथेचा विषय असतो. पुणे–सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात वरवे बुद्रुक हे गाव लागते. त्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावी सप्ताहाच्या पारायणाला बसलेल्या श्रोत्याला, ‘तुला देवाने काय सांगितले?’ असे विचारले तर प्रश्नच विचित्र वाटेल. त्याने ज्ञानेश्वरी ऐकली, एवढे पुरेसे असते. देव थेट बोलतो तो स्वप्नात. नामदेवाला घेऊन पांडुरंग स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्यास सांगितले, अशी तुकारामांची स्वतःचीच ग्वाही आहे. त्यांना गुरूपदेशही स्वप्नातच झाला. म्हणजे मराठी परंपरेत देववाणीला जागा आहे, परंतु ती अपवादाची, संतपदाला पोचलेल्याची जागा आहे. सर्वसामान्यांच्या वाट्याला पोथी.

ह्याहून जुना आणि अधिक कठोर असा एक अर्थ ‘श्रुती’ ह्या शब्दात दडलेला आहे. जे ऐकले गेले ते श्रुती. आणि ते कोणी ऐकायचे नाही ह्याचेही नियम होते. स्त्रिया आणि शूद्र ह्यांच्या कानांवर वेद पडू नये, हा निर्बंध म्हणजे धर्माची सारी उतरंड कानाशी आणून ठेवणे होय. ‘देवाचा आवाज ऐकणे’ ही गोष्ट महाराष्ट्रात केवळ आध्यात्मिक अनुभवाची बाब कधीच नव्हती. ती अधिकाराची बाब होती.

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये गोव्यात ख्रिस्तपुराण सिद्ध केले तेव्हा त्यांनी हा पेच मोठ्या चातुर्याने टाळला. देशभाषेत पुराण हवे अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी, गुरूने दिलेली उत्तरे, ओवीची लय, आणि उपासनेच्या दिवशी देवळात होणारे वाचन, हा सगळा बाज पुराणश्रवणाचा आहे. स्टीफन्स हे येशूसंघाचे. इग्नाशियस लोयोलाच्या साधनापद्धतीत मनात उठणाऱ्या प्रेरणांपैकी कोणती देवाची आणि कोणती भलतीकडची, हे पारखण्याला फार महत्त्व आहे. स्वतः स्टीफन्स त्या शिस्तीत वाढलेले. पण मराठी श्रोत्याला त्यांनी दिली ती कथा. अंतर्यामीचा आवाज ऐकण्याची साधना पुराणात मध्यवर्ती केली नाही. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजींचे अरुणोदय (१८८८) आले तेव्हा मराठी ख्रिस्ती आत्मकथनाला रूप मिळाले, परंतु तिथेही मतांतराचा प्रवास मुख्यतः वाचन, वाद आणि विवेक ह्यांच्या वाटेने होतो. पुस्तक बोलते, आणि बुद्धी ऐकते. आवाजाचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे येतो तो पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आणि लेखनात.

त्याकडे वळण्यापूर्वी ह्या कथनप्रकाराची एक जुनी अडचण लक्षात घेतली पाहिजे. पवित्र शास्त्रातील शमुवेलाच्या गोष्टीत बालक शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, आणि तो प्रत्येक वेळी उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. हाक देवाची आहे हे त्याला कळत नाही. ते एलीला कळते. गोष्टीतला हा तपशील गमतीचा वाटला तरी फार खोल आहे. देवाचा आवाज पहिल्यांदा कोणा तरी ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखाच ऐकू येतो, आणि तो देवाचा आहे हे ठरवायला तिसरे कोणीतरी लागते. संत ऑगस्टीनने इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत ऐकला तो शेजारच्या घरातून येणारा, मूल गात असावे तसा आवाज. त्याने त्याचा अर्थ आपल्यापुरती देवाची आज्ञा असा लावला आणि समोरचे पुस्तक उघडले. आवाज मुलाचा, अर्थ देवाचा आणि निर्णय ऐकणाऱ्याचा, अशी ही त्रिपदरी रचना आहे. प्रत्येक साक्षीत ती कुठे ना कुठे असते. फरक पडतो तो एलीची जागा कोण घेतो ह्यात.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) बालपण आवाजातच गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले, उपजीविका पुराणवाचनाची. १९०७ च्या आपल्या साक्षीत (अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर) रमाबाईंनी ह्या व्यवसायाचे जे वर्णन केले आहे ते धर्माच्या समाजशास्त्राला अमोल ठरावे. देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली किंवा नदीच्या काठी बसून पुराणिक संस्कृत संहिता मोठ्याने, सुरावर वाचतो. येणाराजाणारा ऐकतो. त्याला संस्कृत कळत नाही, आणि अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नाही. कानावर ध्वनी पडला की पुण्य लागले. वाचणाऱ्याच्या पुढ्यात धान्य, पैसा, वस्त्र पडते. रमाबाई हे सारे तटस्थपणे सांगतात, पण त्या तटस्थतेत धार आहे : अर्थावाचून आवाज विकण्याचा हा धंदा त्यांनी स्वतः केलेला होता, आणि १८७४ च्या सुमारास आईबाप उपासमारीने गेले तेव्हा त्या आवाजाने काहीच वाचवले नव्हते. पुढच्या सर्व घडामोडींमागे हा अनुभव उभा आहे असे मला वाटते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील मठवासिनी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन, आणि रमाबाई ह्यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो ए. बी. शहा ह्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उपलब्ध करून दिला. त्यातला वाद वरवर पाहता त्रैक्याचा, धर्मसूत्राचा, किंवा पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असल्या औचित्याचा आहे. मुळात तो एलीच्या जागेचा वाद आहे. देवाची इच्छा काय हे धर्मसंस्थेच्या मुखातून कळून घ्यावे, असे सिस्टर जेराल्डिन सांगतात. देवाने मला स्वतंत्र सदसद्विवेक दिला आहे आणि तो कोणाच्या हवाली करणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाई देतात. एका गुरुपरंपरेच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटलेली बाई दुसरीच्या स्वाधीन व्हायला तयार नव्हती. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांना त्यांनी घेतलेली हरकत ह्याच संदर्भात पाहावी. न कळणाऱ्या पवित्र भाषेचे ओझे एकदा टाकल्यावर ते पुन्हा कशाला उचलायचे, आणि उचलायचेच तर लॅटिन का, संस्कृत का नको, असा तो रोखठोक युक्तिवाद होता.

परंतु ह्या भूमिकेतून एक नवी अडचण निघते. संस्थेची मध्यस्थी नाकारली की ऐकण्याची सगळी जबाबदारी व्यक्तीवर येते. रमाबाईंच्या साक्षीत १८९१ च्या सुमारास एक दुसरे वळण येते : आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली. तिथून पुढे त्यांच्या गद्याची ठेवण बदलते. स्त्रीधर्मनीतीतील (१८८२) उपदेशक शैली जाते, वाद घालणारी पत्रशैलीही मागे पडते, आणि देवाच्या प्रेरणेने हे केले, ते केले, अशी क्रियापदे वाढतात. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तीनशे मुली आणण्याचा निश्चय त्या अशाच आदेशाच्या भाषेत सांगतात. इथे शंकेखोर वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या बाईने १८७० च्या दशकात दुष्काळात आईबाप गमावले तिला दुष्काळातल्या मुलींची हाक ऐकू येण्यासाठी आकाशवाणीची गरज नव्हती. रमाबाईंनाही हे ठाऊक आहे. स्वतःच्या जुन्या दुष्काळाची आठवण त्या स्वतःच सांगतात. म्हणजे स्मरण आणि आदेश त्यांच्या लेखी एकमेकांना छेद देत नाहीत. देव बोलतो तो आठवणीच्या आवाजात.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे घडले ते ह्या दृष्टीने निबंधाचे केंद्र आहे. वेल्समधील १९०४ च्या धार्मिक जागृतीची वार्ता पोचलेली होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसण्यासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या मुली मागितल्या, ७० आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला. मिनी अॅब्रम्स ह्या अमेरिकन सहकारी बाईंनी दिलेल्या वृत्तांतानुसार जवळच्या दुसरीला ती जळताना दिसली, आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. पाणी ओतणार तोच आग खरी नाही हे ध्यानात आले. ती बादली मला फार मोलाची वाटते. वृत्तांतातील बाकीचा मजकूर पवित्र शास्त्रातल्या पेंटेकॉस्टच्या साच्यातून आलेला आहे असे कोणी म्हणू शकेल, पण बादली साच्यातून येत नाही. दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. मुली एकाएकी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

पुराणिकाची मुलगी गप्प झाली आणि श्रोते बोलू लागले, असा हा प्रसंग आहे. ज्या श्रोत्यांना परंपरेने ऐकण्याचाही अधिकार नाकारला होता, त्या दुष्काळातून आलेल्या, पुष्कळशा निरक्षर, नाना जातींच्या मुली आणि विधवा आता ऐकल्याचा दावा करीत होत्या, आणि सांगतही होत्या. पुढे त्यांची पथके आसपासच्या गावांत साक्ष द्यायला जाऊ लागली. सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करण्याच्या पद्धतीवर टीका झाली. ह्या गदारोळात देवाचा सौम्य आवाज कसा ऐकू येणार, हा आक्षेप शास्त्राधाराने करता येण्याजोगा होता. एलीयाच्या कथेत देव वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत नसतो, त्यानंतरच्या मंद स्वरात असतो. रमाबाईंचे उत्तर धर्मशास्त्राचे कमी आणि राजकीय अधिक होते : पवित्र आत्म्याला इतर देशांतल्या ख्रिस्ती लोकांमध्ये जे स्वातंत्र्य आहे ते हिंदी लोकांमध्ये का असू नये? शांततेचा आग्रह हा देवाचा आहे की इंग्रजी उपासनामंदिराच्या रीतीचा, असा प्रतिप्रश्न त्यात आहे. वाँटेजच्या पत्रांतली रमाबाई इथे, वीस वर्षांनी, तशीच्या तशी भेटते.

१९०६ च्या अखेरीस मुक्तीत अन्य भाषांमध्ये बोलण्याचे प्रकार होऊ लागले. प्रार्थनेत असलेल्या मुलीच्या तोंडून न कळणारे शब्द येत. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेअर-बेल’ ह्या नियतकालिकात १९०७ मध्ये ह्याचा पुरस्कार केला. मात्र हे दान प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असे त्यांनी मानले नाही. इथे अभ्यासकाला क्षणभर अडखळायला होते. अर्थावाचून पवित्र ध्वनी ऐकवण्याचा व्यवहार ज्यांनी सोडला, त्यावर त्याच वर्षीच्या साक्षीत कडक टीका केली, त्यांनीच अर्थावाचूनचा दुसरा ध्वनी स्वीकारावा? विसंगती उघड आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. परंतु दोन्ही ध्वनींची सामाजिक दिशा उलटी आहे, हेही तितकेच उघड आहे. पुराणिकाचा न कळणारा शब्द वरून खाली येतो. तो शिकायला बारा वर्षे लागतात आणि तो ऐकवण्याचे द्रव्य मिळते. मुक्तीतला न कळणारा शब्द वर्गात सर्वांत शेवटी बसणारीच्या तोंडून येतो, आणि व्याकरण जाणणारी पंडिता तिथे श्रोत्याच्या जागी असते.

आणखी एक बाब ह्याहून अवघड आहे. धोंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे आल्बर्ट नॉर्टन मुक्तीत आले तेव्हा इंग्रजी न येणारी एक बाई इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे त्यांनी ऐकले, असे त्यांनी नोंदवले आहे. अन्य भाषांतली जी भाषा ओळखता आली ती नेमकी साक्षीदाराची, आणि राज्यकर्त्यांचीही, निघावी, हा योगायोग नजरेआड करता येत नाही. ज्याला जी भाषा येते तीच तो अनोळखी आवाजात ओळखतो. ऐकणे हे कधीच निर्लेप नसते. ह्याच्याशी जोडलेला साधनांचा प्रश्न तर इतिहासकाराला फारच बोचणारा आहे. १९०५ च्या त्या प्रार्थना बहुतांशी मराठीत झाल्या, पण आपल्यापर्यंत पोचला तो वृत्तांत इंग्रजीत. अॅब्रम्स ह्यांची १९०६ ची पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या व्हालपाराइसोपर्यंत गेली आणि तिथल्या १९०९ च्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली. केडगावच्या मुलींचा अनुभव चिलीत पोचला. त्यांची मराठी वाक्ये मात्र हरवली. त्या नेमके काय म्हणाल्या? देवाचा शब्द त्यांना एकवचनी ‘तू’ म्हणून आला की ‘मुली’ म्हणून? साक्षलेखनाच्या अभ्यासात ह्याहून महत्त्वाचा तपशील नसेल, आणि तोच भाषांतरात गळाला आहे.

रमाबाईंनी स्वतः मात्र ह्याच वर्षांत अगदी विरुद्ध टोकाचे काम हाती घेतलेले होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, हे त्यामागचे कारण. हिंदू पूजाविधीचा वास येणारे शब्द टाळण्याचाही त्यांचा कटाक्ष होता. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून. अखेरची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपताच ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर खडबडीत आहे. मुळाशी शब्दनिष्ठ राहण्याच्या हट्टाने वाक्ये कित्येकदा अवघडतात, आणि मंडळ्यांनी ते फारसे स्वीकारले नाही. संस्कृत पंडितेने संस्कृत टाकून लिहिलेली मराठी असा त्याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. एका हाताला अन्य भाषांतला उद्गार आणि दुसऱ्या हाताला हिब्रूचा कोश, अशा त्या बसल्या होत्या. दोन्हींकडे एकच आवाज ऐकू येतो अशी त्यांची खात्री असल्याखेरीज हे शक्य नव्हते.

नारायण वामन टिळकांचा (१८६१–१९१९) मार्ग निराळा. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत देववाणीचा प्रश्न सुटतो तो परंपरेच्या आधाराने. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात, गुरू म्हणतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. माउलीशी लेकराचे बोलणे हा संवाद मराठीत इतका रुळलेला होता की त्यात देव बोलतो म्हणून कोणी दचकत नाही. रमाबाईंना जी पोथी टाकावी लागली तिच्यावरच टिळक उभे राहिले. अर्थात त्यांना ती टाकण्याची निकड नव्हती, कारण ऐकण्याचा अधिकार त्यांना जन्मानेच होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, संन्यासवृत्ती धरून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, तोही ईश्वरी प्रेरणेच्या भाषेत.

त्या प्रेरणेची दुसरी बाजू स्मृतिचित्रांत (१९३४–३६) आहे, आणि मराठीतील देववाणीच्या प्रश्नावर लिहिले गेलेले ते सर्वांत परखड पुस्तक होय, असे माझे मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची प्रेरणा नाकारीत नाहीत. ती घरात आल्यावर काय होते ते सांगतात. टिळक उठून चालू लागले की मागे भांडी, मुले, देणी राहतात. देवाने टिळकांना काय सांगितले हे टिळकांकडून कळते. टिळकांनी कोणाला काय देऊन टाकले हे लक्ष्मीबाईंकडून. इथे एलीच्या जागी बायको आहे. हा विनोद अश्रद्धेचा नाही, पारखीचा आहे. स्वतःच्या मतांतराबद्दल लिहिताना तर त्या आवाजाचा आसरा घेतच नाहीत. सोवळे सुटले ते विचाराने : जाती देवाने केल्या की माणसाने, ह्या प्रश्नाचा मनाशी निकाल लागला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्याला प्रत्यवाय उरला नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा.

मराठी व्याकरण इथे त्यांच्या मदतीला येते. ‘मी विचार केला’ आणि ‘माझ्या मनात आले’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो, पण दुसऱ्यात कर्ता माणूस नाही. विचार येतो, माणूस ही त्याची येण्याची जागा. वाटले, सुचले, उमगले, पटले ही सगळी क्रियापदे अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत बसवतात, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी. विचार पाठवला कोणी, हे वाक्य सांगत नाही आणि नाकारतही नाही. रमाबाईंच्या इंग्रजी साक्षीत प्रेरणेला कर्ता द्यावाच लागतो, म्हणून तिथे वाक्यागणिक प्रभू येतो. लक्ष्मीबाईंना तो दर वेळी लिहावा लागत नाही. त्यांच्या पुस्तकात माणसे सारखी बोलत असतात, भांडतात, हाका मारतात. सर्वांत जास्त टिळक बोलतात, आणि बाई चुलीपाशी बसून ऐकत असतात.